नये, ये

खरं सांगा, कुणाचं कुत्रं मेल्यावर ‘कुत्रंच तर होतं’ असं तुम्ही आजवर कितीदा म्हणालात? तोंडानं नाही तर मनात? मान हलवू नका, म्हणाला असाल. पेंटरला हे वाक्य दोन महिन्यांत इतक्या जणांनी ऐकवलं, की त्यातला एखादा तरी तुमच्या ओळखीचा निघेल.

पेंटर म्हणजे पाट्या काढणारा. भिंती रंगवणारा वेगळा, आणि या दोघांत घोटाळा करणाऱ्याला पेंटर दारातूनच परत पाठवत असे. चारमजली इमारतीच्या तळाशी, जिन्याला लागून त्याच्या दोन खोल्या. मागची राहायची, पुढची कामाची. पुढच्या खोलीत पत्र्याचे तुकडे, ऑइलपेंटचे डबे, बरणीत बुडवलेले ब्रश आणि टर्पेंटाइनचा असा वास, की नवख्याचे डोळे झोंबावेत. छापील फ्लेक्स आल्यापासून धंदा निम्म्यावर आला होता, अक्कड मात्र पुरती शाबूत होती. उभ्या आयुष्यात त्यानं गाडी लावू नये, थुंकू नये, फुले तोडू नयेत, आत येऊ नये अशा इतक्या पाट्या काढल्या होत्या, की ‘नये’ हा शब्द तो डोळे मिटून, डाव्या हातानं आणि शिंकता शिंकता काढू शकला असता. लोकांना एकमेकांना काय सांगायचं असतं, याचा हिशेब कुणी मांडला, तर त्यात ‘या’ फार थोडे निघतील.

घरात दुसरं माणूस म्हणजे त्याची धाकटी बहीण. सरकारी दवाखान्यात मलमपट्टी करायची नोकरी. दिवसभर दुसऱ्यांच्या जखमा धुवून आल्यावर घरी ती मीठ चोळायला मोकळी असायची.

आणि होती दोन कुत्री, काना आणि मात्रा. काना काठीसारखा उभट, शेपूट सरळ खाली सोडलेली. मात्राची शेपूट पाठीवर तिरपी वळलेली, जशी अक्षरावर मात्रा. चौदा वर्षं ही दोघं पुढच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली. पेंटर अक्षर काढायचा, ती बघायची. एखादी वेलांटी बिघडली की काना जांभई द्यायचा, असं पेंटर शपथेवर सांगे. बहीण म्हणे, चांगल्या वेलांटीलाही देतो, त्याला काय कळतंय. पण असं तिनं म्हटलं, की त्या दिवशी कानाच्या भांड्यात तिच्याच हातचा जास्तीचा घास पडायचा.

मात्रा मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. काना तिच्यामागं सव्वा महिना राहिला, तोही कसा, तर तिच्या गोणपाटावर, भिंतीकडं तोंड करून. मग तोही गेला.

आता लोक आले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांचं स्वतःचं जातिवंत कुत्रं लहान मुलांच्या ढकलगाडीतून फिरतं आणि त्याला थंडीत मोजे असतात. त्या म्हणाल्या, सुटलात, आता कुठं बाहेरगावी तरी जाता येईल. इमारतीचा सेक्रेटरी आला. एका जागी बसून दुसऱ्यांच्या बदल्या करण्याची नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. तो म्हणाला, कुत्रंच तर होतं, आणि लगेच, नाही, दोन होती, म्हणून दुरुस्ती केली, जशी काही चूक आकड्यातच होती. कुणी म्हणालं दुसरं आणा. पंखा जळाला की दुसरा आणतात, तसं. आपल्याकडं माणसाला रडायला नातं दाखवावं लागतं. कोण होतं तुमचं, असं विचारतात, आणि उत्तर यादीत बसलं नाही तर सांत्वन मिळत नाही.

पेंटर रडला नाही. निदान कुणासमोर नाही. त्यानं काय केलं, तर एक पाटी काढली. आयुष्यभर पाट्या काढलेल्या माणसाचा विश्वास फक्त रंगवलेल्या शब्दावर असतो. पांढऱ्या पत्र्यावर निळी अक्षरं: ‘या घरात पुन्हा कुत्रं आणू नये’. आणि खाली हाताला लागलेल्या सवयीनं, ‘हुकमावरून’. पाटी पुढच्या खोलीत, समोरच्याच भिंतीवर ठोकली.

“कुणाच्या हुकमावरून?” बहिणीनं विचारलं.

“माझ्या.”

“आणि मोडणार कोण? घरात आपण दोघंच. मला तर हुकूम वाचूनच धडकी भरली.”

कुत्र्यांची दोन भांडी मात्र त्यानं फेकली नाहीत. रंग कालवायला होतील म्हणाला. चार महिने ती भांडी फळीवर उपडी पडून होती आणि तो रंग कालवत होता फुटक्या कपात.

दुसरी गंमत फिरण्याची. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला तो आधीसारखाच बाहेर पडे. हात मागं बांधलेले, पट्टा नाही, कुत्रं नाही. तोच रस्ता, तीच गती. आणि काना जिथं जिथं थांबायचा त्या प्रत्येक खांबापाशी तो थांबे, थोडा वेळ आकाशाकडं बघे, मग पुढं. चौकातल्या औषधवाल्यानं एकदा त्याला दुकानात बोलावून, आवाज खाली आणून, पुरुषांच्या एका तक्रारीवरची गोळी सुचवली. पेंटर त्याच्याशी आजतागायत बोलत नाही.

माणसांना हे थांबणं कळलं नाही. कुत्र्यांना कळलं. इमारतीच्या स्कूटरींखाली दोन भटकी राहत. एक दांडगा पांढरा, डावा कान फाटलेला. दुसरी बुटकी काळी, कपाळावर पांढरा ठिपका. दोन पायांचा हा प्राणी रोज न चुकता सगळे खांब तपासतो, म्हणजे आपल्यातलाच आणि वरच्या हुद्द्यावरचा असणार, असं त्यांनी ठरवलं असावं. ती त्याच्यामागून चालू लागली. तो थांबला की थांबायची.

बहिणीनं खिडकीतून ही वरात पाहिली आणि संध्याकाळी विचारलं, काय दादा, नवीन मंडळी?

“माझ्यामागं कुणी येत नाही,” पेंटर म्हणाला. “रस्ता एकच आहे.”

“बरोबर. आणि तू घेतलेला पाव कुठं गेला?”

“पडला.”

“रोज पडतो?”

असं चाललं असतं तर चाललं असतं. पण सेक्रेटरीच्या स्कूटरची सीट फाटली. कुत्र्यांनीच फाडली की जुनी होऊन उसवली, यावर चौकशी नेमण्याइतकी लोकशाही इमारतीत नव्हती. कमिटीची बैठक झाली आणि ठराव झाला, की आवारात भटक्या कुत्र्यांना कुणी खायला घालायचं नाही, आणि सोमवारी पालिकेची गाडी बोलवायची. बेवारस कुत्री घेऊन जाणारी. ती गाडी नेलेली कुत्री परत आणते असं कागदावर असतं. कागदावर पुष्कळ काही असतं. त्या आवारातून आधी गेलेली तीन कुत्री कुणाला पुन्हा दिसली नव्हती. काकूंनी ठरावाला अनुमोदन दिलं, आणि घरी जाऊन मोज्यांतल्या कुत्र्याचा फोटो मुक्या जिवांवर प्रेम करा असं लिहून सगळ्यांना पाठवला.

खायला घालू नये याचा आधी फ्लेक्स लावला होता. तो कुत्र्यांनी एका दुपारीत फाडला. म्हणून सेक्रेटरी पेंटरकडं आला. पत्र्याची पाटी पाहिजे, म्हणाला, टिकाऊ. मजकूर त्यानंच सांगितला: ‘आवारात भटक्या कुत्र्यांना खायला घालू नये’. शेवटी ‘हुकमावरून’. आणि त्यातला ‘नये’ वेगळ्या ओळीत, मोठा, लाल. नकार लांबून दिसला पाहिजे.

पेंटरनं काम घेतलं. बहिणीला दवाखान्यातून आल्यावर समजलं, तेव्हा तिनं हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

“सोमवारी त्यांना नेणार, आणि पाटी तू काढणार?”

“मी अक्षरं काढतो,” पेंटर म्हणाला. “अर्थ काढत नाही.”

“वा. हेही पाटीवर लिही आणि गळ्यात घाल.”

त्यानंतर दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. जेवण वाढायची, पण भांडी अशी आदळायची, की न बोललेलं सगळं वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जावं. पेंटरला स्वतःची लाज वाटत होती का? वाटत होती. पण लाज वाटली की काही माणसं सुधारतात आणि काही हट्टाला पेटतात. पेंटर दुसऱ्या जातीचा. भिंतीवर लिहिलं होतं आणू नये. लिहिलेलं फिरवायचं नाही, असा त्याचा बाणा. चौदा वर्षं सांभाळून शेवटी हातात दोन पट्टे उरतात, हे तो पुन्हा करणार नव्हता. गाडी येईल, नेईल, विषय संपेल.

शुक्रवारी त्यानं काळी अक्षरं पुरी केली. शनिवारी दुपारी लाल ‘नये’ काढला. आधी अक्षरं, मग वरची शिरोरेषा एका दमात, श्वास रोखून, ही त्याची पद्धत. पाटी जमिनीवर ठेवून भिंतीला टेकवली. दार उघडं ठेवलं, रंगाला वारा लागावा म्हणून, आणि मागच्या खोलीत जाऊन आडवा झाला.

बाहेर ऊन तापलं होतं. खोलीतली फरशी गार होती. पांढरा आत आला. आजवर त्यानं उंबरा कधी ओलांडला नव्हता. त्यानं खोलीभर हुंगलं, मात्राचं गोणपाट जिथं असायचं त्या कोपऱ्यात दोन गिरक्या घेतल्या आणि पाटीला पाठ-बरगडी टेकवून खुशाल पसरला.

पेंटर तासाभरानं उठून आला तेव्हा पाटीवर ‘नये’ नव्हता. लाल फराटा होता. ‘नये’ कुत्र्याच्या पांढऱ्या कुशीवर होता, शिरोरेषेसकट, ठसठशीत, फक्त उलटा उमटलेला. ठशानं छापावा तसा. कुत्रा शेपटीनं फरशी झाडत त्याच्याकडं बघत होता. पेंटर जागच्या जागी उभा राहिला. ओरडावं की काय करावं, हे त्याला सुचेना. मग कुत्र्यानं मान वळवून कुशीवरचं लाल चाटायला जीभ काढली, आणि पेंटर एकदम हलला. ऑइलपेंट पोटात गेला तर काय होतं, हे त्याला ठाऊक होतं.

एका हातानं कुत्र्याचं तोंड धरून दुसऱ्या हातानं त्यानं टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पाटीवरचा फराटा घाईघाईनं पुसला, कारण लाल एकदा सुकला की काही केल्या निघाला नसता. पुन्हा ‘नये’ काढायला पाच मिनिटं पुरली असती. पण ती पाच मिनिटं कुत्र्याला दिली. टर्पेंटाइन कातडीला पोळतं, म्हणून मागच्या खोलीत नेऊन गोडं तेल आणि साबण. चौदा वर्षांची सवय हाताला होती. कुठं धरायचं, कुठं खाजवत राहिलं की कुत्रं गप्प राहतं, ते हात विसरले नव्हते. ओला थर निघाला. केसांत मुरलेला लाल काही निघाला नाही. काळी बुटकी तेवढ्यात दारात येऊन बसली होती, आपली पाळी कधी येते म्हणून.

इकडं सेक्रेटरी वॉचमनला घेऊन आला. पुढच्या खोलीत कुणी नाही, पाटी तयार. स्वतः सांगितलेला मजकूर कोण वाचतो? पाटी वॉचमनच्या हाती दिली, आणि अर्ध्या तासात ती गेटवर चार स्क्रूंनी ठोकली गेली. संध्याकाळी अख्ख्या इमारतीनं वाचलं:

‘आवारात भटक्या कुत्र्यांना खायला घालू. हुकमावरून.’

आपले लोक आज्ञाधारक. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी बिस्किटं आणली. कुणी उरलेला भात आणला. कमिटीला पाझर कसा फुटला यावर जिन्यात चर्चा झाली. काकूंनी सेक्रेटरीला अभिनंदनाचा संदेश पाठवला, मला तुमच्याकडून हीच अपेक्षा होती. सेक्रेटरीला वाटलं, सीटबद्दल सहानुभूती आहे. त्यानं आभार मानले.

रविवारी सकाळी तो स्कूटर पुसत होता. आरसा नीट केला आणि आरशात त्याला स्वच्छ, सुलट, लाल अक्षरांत दिसलं: नये. वळून पाहिलं तर पांढरा कुत्रा, पोट टम्म, सीटकडं प्रेमानं बघतोय. सेक्रेटरी आधी कुत्र्याकडं बघत राहिला, मग गेटकडं, मग पेंटरच्या दारात पळाला.

पेंटर पायरीवर बसून ब्रश धूत होता. बहीण आत चहा करत होती. सुटीचा दिवस. सेक्रेटरीचा आवाज ऐकून वरच्या गॅलऱ्यांत माणसं जमली. माणसं तमाशाला कधी उशीर करत नाहीत.

“पेंटर, पाटीवरचा ‘नये’ कुठं गेला?”

“तो काय,” पेंटर म्हणाला, “तुमच्या मागं उभा आहे.”

गॅलरीत कुणीतरी हसलं. त्या हसण्यानं सेक्रेटरी आणखी लाल झाला. म्हणाला, चेष्टा पुरे. आत्ता पाटी नीट करून द्या, आणि उद्या अकराला गाडी येतेय ती येणारच. मालक असलेलं कुत्रं त्यांना नेता येत नाही, बिल्ला लागतो गळ्यात, पण या दोघांना मालक आहे कुठं? तुमची आहेत का ही?

पांढरा पेंटरच्या पायाशी येऊन बसला होता. काळीनं त्याच्या चपलेवर हनुवटी टेकली होती. एक शब्द बोलायचा होता, आणि तोच नको होता, कारण ‘हो’ म्हटलं की पुन्हा सगळं आलं. भांडी, पट्टे, चौदा वर्षं, आणि शेवटी ते भिंतीकडचं तोंड.

सेक्रेटरीनं दारातून आत बोट दाखवलं. “तुमच्याच भिंतीवर लिहिलंय. या घरात पुन्हा कुत्रं आणू नये. तुमचंच अक्षर ना?”

बहीण कपबशी हातात धरून दारात आली होती. तिच्या जिभेवर दहा टोमणे असणार. एकही बोलली नाही. फक्त भावाकडं बघत राहिली.

पेंटर उठला. आत गेला. पांढऱ्या रंगाचा डबा उघडला, रुंद ब्रश बुडवला आणि भिंतीवरच्या पाटीतल्या ‘नये’वरून एक हात फिरवला. सावकाश, श्वास रोखून, शिरोरेषा काढावी तसा. उरलं ते दारातून स्वच्छ वाचता आलं. या घरात पुन्हा कुत्रं आणू. हुकमावरून.

“माझी आहेत,” तो म्हणाला. “दोन्ही.”

सोमवारी दहाला पालिकेच्या खिडकीशी तो पहिला होता. बहीण अर्धी रजा टाकून दोन्ही कुत्र्यांना घरात कोंडून बसली होती. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज ओढला आणि कुत्र्याचं नाव विचारलं.

“नये.”

“नाव सांगा.”

“नये.”

“का सांगू नये? नियम आहे.”

पंधरा मिनिटं यात गेली. मागची रांग वैतागली. शेवटी पेंटरनं कारकुनाचा पेन घेतला आणि रकान्यात स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, नये. दुसऱ्या अर्जावर, काळीच्या कपाळावरच्या ठिपक्यावरून, टिंब. कारकून म्हणाला, अक्षर छान आहे, आमच्या खोलीबाहेर एक पाटी पाहिजे, विनाकारण गर्दी करू नये. पेंटरनं त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यानं मुकाट शिक्का मारला.

अकराला दहा कमी असताना पेंटर धापा टाकत घरी पोचला. फळीवरून कानाचा पट्टा काढला. नयेच्या गळ्यात येईना. मान जाड. पेंटरचे हात थांबले. पट्टा तसाच धरून तो बसून राहिला, आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

“तो कानाचा आहे, दादा,” बहीण म्हणाली. “हा काना नाही. आणखी एक भोक पाड.”

त्यानं खिळा आणि हातोडी घेतली, शेवटच्या भोकापासून बोटभर अंतरावर नवं भोक पाडलं. मात्राचा पट्टा टिंबाला ढगळ झाला, तो बहिणीनं दुमडून शिवला, जखम शिवावी तशी, चार टाक्यांत. गाडीवाला दारात आला तेव्हा दोघांच्या गळ्यात बिल्ले होते. त्यानं सेक्रेटरीला विचारलं, बेवारस कुठं आहेत? सेक्रेटरी आपल्या सीटकडं बघत राहिला.

आता भांडी सरळ झाली आहेत. नये वेलांटी बिघडली तरी जांभई देत नाही, त्याला अक्षरातलं काही कळत नाही, आणि पेंटर हे तक्रारीच्या सुरात सगळ्यांना सांगतो. गेटवरची पाटी कमिटीनं काढायला लावली. नवी पाटी लिहायला पेंटर तयार नाही आणि फ्लेक्स टिकत नाही. नयेच्या कुशीवरचे केस गळत चालले तसा लाल उडत गेला, आधी ‘न’चा. सध्या तिथं फक्त उलटा ‘ये’ उरलाय. पेंटर संध्याकाळी दारात उभा राहून हाक मारतो, “नये, ये,” आणि नवख्या माणसाला कळत नाही की हा बोलावतोय की हाकलतोय. कुत्र्याला कळतं.

तुमच्याही गेटवर अशी एक पाटी असणार. आज घरी जाताना ती थांबून नीट वाचा, आणि तिच्याखाली पाण्याचं एक भांडं ठेवा. हुकमाची वाट बघू नका.